पिवळी शेवई आणि गंगामायची लेक

जालना जिल्ह्यात मी माशांवर संशोधन केलं असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठले मासे?" त्याचंही चुकत नाही. जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते आणि उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे टँकर आठवतात. माझ्या सासरच्या एका काकांनी तर मी कुठल्याशा हॉटेलातले काचेच्या पेटीतले मासे सांभाळते असा समज करून घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. भेटले की विचारायचे, "काय म्हणतात तुमचे लाल-निळे?"

माझे मासे लाल-निळे नव्हते. गढूळ पाण्यातले, हिरवट पाठीचे आणि माझ्यासारखेच एका जागी न ठरणारे होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पाऊस उघडीप देऊ लागला आणि गावात गणपती उठले की मला घरात काही सुचत नाही. भाजी चिरता चिरता सुरी ठेवते आणि फोनकडे बघते. नवरा म्हणतो, "आला की वाजेल तो, बघून वाजत नसतो." त्याला कारण माहीत आहे. तुम्हाला सांगायचं तर थोडं मागून सुरू करावं लागेल.

नदीतला मासा तळ्यातल्या माशासारखा एका जागी राहून भागवत नाही. पावसाळ्यात पाणी वाढलं की तो प्रवाहाच्या उलटा चढत जातो, उथळ जागी वाळूत-गोट्यांत अंडी घालतो आणि पाणी ओसरू लागलं की पुन्हा खाली मोठ्या नदीत येतो. गावाकडे याला चढणीचा मासा म्हणतात. चढताना तो सगळ्यांना दिसतो, कारण तेव्हा तो पकडता येतो. उतरताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझी सगळी नोकरी या उतरण्याच्या मागे गेली.

एकदा टेंभुर्णीहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "मॅडम, जल्दी या. आमच्या रानात आभाळातून मासे पडले." गेले तर सोयाबीनच्या तासांमधून बोटाएवढे मासे पडलेले आणि बांधावर अर्धं गाव. एक जण छत्री उघडून उभा होता, पुन्हा पडले तर असावी म्हणून. मी बांधाला लागून असलेला नाला दाखवला. आदल्या दिवशीच्या पावसात तो फुगून रानात शिरला होता, मासे पाण्याच्या धारेला तोंड लावून थेट सोयाबीनमध्ये चढले होते आणि पाणी ओसरल्यावर तिथंच राहिले होते.

"म्हंजी आभाळातून न्हाई?" शेतकरी म्हणाला.

"नाही."

"टीव्हीवाल्याला बलावलंय की वो मी."

त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. लोकांच्या हातातला चमत्कार काढून घेणं हा माझ्या कामाचा भाग होता आणि तो मला कधीच आवडला नाही.

आता त्या नदीकडे येते. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. अंबड-घनसावंगीच्या बाजूने तिला मिळणारी एक लहान नदी आहे. तिचं नाव आणि तिच्या काठच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. दिवाळी अंक सगळेच वाचतात, जाळं टाकणारेही वाचतात. या नदीवर एक बंधारा आहे. दगडी खांब, खांबांमध्ये गाळे, आणि गाळ्यांच्या खाचांत एकावर एक बसवायच्या लोखंडी फळ्या. त्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, पाणी मोकळं वाहतं. पाऊस संपला की बरगे घालतात आणि पाणी अडवतात. बरग्यांच्या लोखंडाला भंगारात चांगला भाव असल्यामुळे ते अधूनमधून चोरीला जात. मग त्या वर्षी एखादा गाळा उघडाच राहायचा. वाटेतल्या माशांना सगळ्यात जास्त मदत आमच्या मत्स्य संशोधन केंद्राने नव्हे तर भंगारचोरांनी केली, असं मी एकदा बैठकीत बोलून गेले होते. कुणी हसलं नाही.

आमचा मासा होता महसीर. आमच्याकडे खवल्या म्हणतात, घाटाकडचे लोक खडस म्हणतात. मोठा खवला, सोनेरी झाक, आणि आता गंगेत फार थोडा राहिलेला. तो हा बंधारा ओलांडून वर जातो का, आणि गेला तर बरगे पडायच्या आत परत येतो का, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी संगमावर मासे धरायचे, पाठीवरच्या पराच्या मुळाशी शेवईसारखी बारीक, बोटभर लांब प्लास्टिकची नळी टोचायची आणि मासा सोडून द्यायचा. नळीवर मुंगीएवढ्या अक्षरांत क्रमांक आणि आमचा फोन. मासा ज्याला सापडेल त्याने फोन करायचा. आम्ही तिला शेवईच म्हणायचो. केंद्राने लाल शेवया पाठवल्या होत्या. गढूळ पाण्यात पिवळी लांबून दिसते म्हणून मी भांडून पिवळ्या मागवून घेतल्या.

मासे धरून द्यायला कचरूभाऊ होते. भोयाच्या घरातले, संगमावर जाळं टाकणारे. माणूस लाख मोलाचा, पण माशाचं वजन त्यांच्या तोंडून नेहमी दीडपट निघायचं. म्हणून तराजू मी माझ्याच पिशवीत ठेवायची. शेवई टोचताना ते दरवेळी माशाला म्हणायचे, "दुखंल थोडं. बाईचं काम हाय, चालवून घे."

फोन आले, पण सगळे खालच्या अंगाहून. एक गृहस्थ म्हणाले, "बाकी मासा झकास होता, पण ही पिवळी शिर बिलकुल शिजंना." बंधाऱ्याच्या वरच्या गावातून मात्र एकही फोन नाही. शाळेच्या भिंतीवर मी स्वतः पोस्टर लावलं होतं. दोन पावसाळे गेले, तरी एकही फोन नाही. माझे वरिष्ठ म्हणाले, "याचा अर्थ मासा बंधारा चढत नाही. तसा अहवाल देऊ आणि प्रकल्प आटोपू." मला ते पटत नव्हतं. पण न पटणं हा काही पुरावा नसतो.

तिसऱ्या वर्षी पाऊस लवकर थांबला. बंधाऱ्याच्या वरच्या गावच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष आसाराम अण्णा यांनी बरगे लवकर घालायचं ठरवलं. अण्णा जुने जमीनदार, ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला जाणारा, बोलणं रोखठोक. मी त्यांना म्हटलं, एक गाळा थोडे दिवस मोकळा ठेवा, मासे परत जाऊ द्या.

"बाई," ते म्हणाले, "तुमचे मासे वरी आल्याचं दाखवा, एक काय, दोन गाळे सोडतो. पर ते आलेच न्हाईत म्हणून तुमचंच हापिस सांगून राह्यलं. मंग मी पाणी कोणासाठी वाहू देऊ?"

मी त्या दिवसांत नदीच्या काठाने नुसती वर-खाली फिरत होते. जेवताना उठायची, गाडीत बसून पुन्हा उतरायची. कचरूभाऊ वैतागून म्हणाले, "बाई, मासा तरी एका दिशेनं जातो."

अशीच एका दुपारी वरच्या गावाच्या डोहावर गेले. घाटाच्या पायरीवर आसाराम अण्णांच्या पत्नी, कौसाबाई, बसल्या होत्या. ओच्यात ज्वारीच्या लाह्या होत्या आणि त्या चिमटीने पाण्यात टाकत होत्या. पाणी हललं. हिरवट पाठी वर आल्या, आणि त्यांच्यामध्ये एक पिवळी रेघ चमकून गेली. मग दुसरी. मी तशीच ओल्या पायरीवर बसले.

"मावशी, ते पिवळं..."

"हळू बोला," कौसाबाई म्हणाल्या. "गंगामायच्या लेकी हायेत त्या. हळद लागल्याल्या. पाठीवर दोरा न्हाई दिसला तुमाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून या लेकी पावसाळ्यात माहेराला येतात. जाळ्यात सापडली की बाया तिला कुंकू लावतात, ओटीचे तांदूळ पाण्यात टाकतात आणि सोडून देतात. हळद लागलेली पोर कुणी कापून खातं का? गावातल्या दारू पिऊन मासे मारणाऱ्यांनीसुद्धा या डोहात जाळं टाकायचं सोडलं होतं.

"पण शाळेच्या भिंतीवर आमचं पोस्टर होतं ना? खुणेचा मासा सापडला तर फोन करा म्हणून?"

"होतं की. आमच्या नातीनं वाचून दावलं. पर खुणेचा मासा आमाला कव्हा घावलाच न्हाई. ह्या तर दोऱ्याच्या." मग त्या कौतुकाने म्हणाल्या, "त्यात एक मोठी हाय. तिचा दोरा लई बारीक होता. मी यंदाच आमच्या थोरल्या नातीच्या हळदीतला पाचपदरी दोरा तिच्या दोऱ्याला बांधून दिला. एवढी मोठी लेक, बरं दिसत न्हाई ते."

मी विचारलं, "आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात गंगामाय घेऊन जाती त्यांला. डोह आटायच्या आत एक बी दिसत न्हाई."

मी काठावरच्या मोटारी बघितल्या. खाली बरगे पडल्यावर आणि वरून मोटारी सुरू झाल्यावर डोहाचं काय होतं, हे सांगायला संशोधक लागत नाही. गंगामाय कुणालाच घेऊन जात नव्हती. लेकी चिखलात मरत होत्या, नाहीतर गावाची नजर चुकली की कुणाच्या तरी चुलीवर जात होत्या. गावाने त्यांना जाळ्यातून वाचवलं होतं, पण त्या चमत्काराने जातात अशी समजूत असल्यामुळे त्यांच्यासाठी वाट ठेवायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासून माझी झोप उडाली. पुरावा मिळाला होता, पण तो मांडायचा तर सांगावं लागणार होतं, की तुमचा हळदीचा दोरा म्हणजे माझी प्लास्टिकची शेवई. ते ऐकल्यावर गाव काय करेल? "प्लास्टिकच हाय का, मंग टाका जाळं," असं कुणी म्हणालं तर त्या डोहात एक मासा उरणार नव्हता. आणि नाही सांगितलं तर बरगे पडणार होते. दोन्हीकडून मरण माशाचंच.

त्यात आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून याच गंगेत सोडले. आमच्या घराण्याने नदीत देव सोडले आणि मी नदीत एक देवी तयार केली. हसावं का रडावं कळेना. तीर्थपुरीला आप्पांकडे गेले. माझे वडील, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, ऐंशी ओलांडलेले. वाटलं होतं, ते तरी म्हणतील की मासा वाचतोय ना, मग गप्प बस.

आप्पा आधी पोट धरून हसले. "ओटी भरली? तुझ्या शेवईची?" मग चष्मा काढला आणि आवाज एकदम वर्गातला झाला. "सुमे, सांगून टाक. लोकांच्या समजुतीवर काम भागवायचं असंल तर मंग गादी घालून बस कुठं बी, अंगारा दे. एवढं शिकलीस कशाला?"

"आणि त्यांनी मासे मारले तर?"

"तर मारतील," आप्पा म्हणाले. चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "पण तू त्यांना येडं समजून राह्यलीस, ते मला आवडलं न्हाई."

बरगे घालायच्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावर ट्रॅक्टर उभा होता. बरग्यांची चळत उतरवलेली, माणसं जमलेली, खालच्या बाजूला बाया धुणं धूत होत्या. मी पिशवीतून शेवयांचं पाकीट काढलं, टोचायची सुई काढली आणि सगळं सांगितलं. एक शेवई मी अण्णांच्या तळहातावर ठेवली.

सगळे वाकून ती बघायला लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आपण प्लास्टिकची ओटी भरली व्हय?" आणि हशा उठला. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या घरच्या बाईने सगळ्यांत जास्त ओट्या भरल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"दोन वर्सं गावाला येडं केलं तुमी," ते मला म्हणाले. मग माणसांकडे वळले. "काय बघून राह्यले? घाला बरगे."

दोघांनी पहिला बरगा उचलला. तेवढ्यात धुण्याचा पिळा तसाच हातात घेऊन कौसाबाई वर आल्या. चार माणसांत नवऱ्यासमोर बोलायची त्यांची पद्धत नव्हती. म्हणून त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

"बाई, दोरा तुमी खाली संगमावर बांधला?"

"हो."

"अन् आमी तो वरी डोहात पाह्यला. मंग दोरा कशाचा बी असंल, लेक तर वरी आलीच ना? बराबर हाय का न्हाई?"

"बरोबर आहे."

"आली म्हंजी तिला जावं बी लागतंय. मला तुमी सांगितलं न्हाई, की उन्हाळ्यात ती जाती कुठून. आता मला कळलं. ती जातच न्हाई." "आमच्याच डोहात मरती ती. माहेराला येऊन. अन् आमी लाह्या टाकून राह्यलो."

ज्यांनी बरगा उचलला होता ते तो तसाच हातात धरून उभे राहिले. अण्णा तळहातावरची शेवई बघत होते. त्यांना पाणी हवं होतं, आणि ती हौस नव्हती. त्या वर्षी उसाला द्यायच्या पाण्याच्या एकेका पाळीचा हिशेब होता. शेवटी ते नदीकडे बघून म्हणाले, "कडचा गाळा ऱ्हाऊ द्या मोकळा. भाऊबीजेपोहोतर. लेक भाऊबीज झाली की जातीच. त्याच्यापुढं एक दिवस न्हाई, बाई. मला ऊस जगवायचाय."

मी शेवयांचं पाकीट पुन्हा पिशवीत ठेवलं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट गेले. मोकळ्या गाळ्यातून पाणी जात होतं आणि त्यात मासा दिसत नव्हता. गढूळ पाण्यातून उतरणारा मासा दिसत नाहीच, हे मला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. येता-जाता शेतकरी गाळ्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. ते पाणी त्यांच्या रानाचं होतं. कचरूभाऊंनी बंधाऱ्याच्या खाली जाळं लावलं होतं. दररोज जाळं वर यायचं आणि दररोज त्यात काही नसायचं. म्हणजे दुसरे मासे असायचे, मरळ असायचा, शिंगाडा असायचा, आमचं काही नसायचं.

भाऊबीजेच्या सकाळी बंधाऱ्यावर माणसं आली. कचरूभाऊ मला म्हणाले, "बाई, आता शेवटचं काढतो. बहीण वाट बघून राह्यली घरी." जाळं ओढता ओढता ते मधेच थांबले. मग असे ओरडले की बंधाऱ्यावरचे सगळे कठड्याशी आले.

"बाई! दोन दोरे!"

मोठा खवल्या होता. पाठीवर माझी पिवळी शेवई, शेवाळलेली. आणि तिला गाठ मारलेला सुताचा एक तुकडा. हळद पार उडून गेली होती, पण पाच पदर मोजता येत होते.

आम्ही तो पाण्याच्या टबात घालून वर आणला. कौसाबाई धावत आल्या. त्यांनी पाण्यात हात घातला, गाठ चाचपली आणि एवढंच म्हणाल्या, "माझीच गाठ हाय." मग तिथंच बसून रडायला लागल्या. मी नोकरीत पुष्कळ पुरावे गोळा केले. इतका पक्का पुरावा मला परत मिळाला नाही, आणि त्यातला अर्धा माझा नव्हता. अण्णा टबाशी वाकले. त्यांनी मासा बघितला, गाठ बघितली.

"उतरली म्हणायची," ते म्हणाले.

"उतरली."

"ही एकलीच?"

"सापडली एकलीच."

आम्ही तिला खाली नेऊन सोडलं. शेपटीचा एक फटका मारून ती गेली. माणसं बरग्यांकडे वळली. दोघांनी पहिला बरगा उचलून खाचेशी आणला. अण्णा अजून पाण्याकडेच बघत होते.

"बाई," त्यांनी विचारलं, "बाकीच्या गेल्या का पर?"

हो म्हणणं किती सोपं होतं. लोक मला आता काहीही मानायला तयार होते. मी म्हटलं, "अण्णा, मला माहीत नाही."

ते बरग्यांच्या चळतीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. "मंग आजचा दिवस ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उद्या घालू."

दुसऱ्या दिवशीही ते असंच म्हणाले. बरगे पडले ते माणसं चिडायला लागल्यावर, आणि त्या साली अण्णांच्या उसाला शेवटची पाळी मिळाली नाही. त्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत.

प्रकल्प पुढे बंद झाला, शेवया संपल्या, मी घरी बसले. डोहातल्या माशांच्या पाठीवर आता पिवळं काही नसतं, त्यामुळे बायांना लेक कोणती ते ओळखू येत नाही आणि त्या कुठलाच खवल्या धरू देत नाहीत. कडचा गाळा दरवर्षी भाऊबीजेपर्यंत मोकळा असतो. आणि भाऊबीजेला, बरगे घालायच्या आधी, माझा फोन वाजतो. अण्णा आता थकलेत, बंधाऱ्यावर त्यांना गाडीत बसवून न्यावं लागतं. ते नमस्कार-चमत्कार करत नाहीत. पाण्याचा आवाज मागे ऐकू येत असतो.

"बाई, सगळ्या गेल्या का?"

मी दरवर्षी खरं तेच सांगते. आणि पलीकडून दरवर्षी, माझ्याशी नाही, बरगे उचलून उभ्या असलेल्या माणसांशी बोलल्याचा आवाज येतो, "ठिवा खाली. उद्या बघू."